रंगमंच की शोकेस?

नवे नाट्यगृह उघडले की समीक्षकांचीही जीभ मऊ होते. 2024 साली न्यूयॉर्कच्या 32व्या रस्त्यावर कोरियन सांस्कृतिक केंद्राची नवी वास्तू खुली झाली. आत सुमारे दोनशे आसनांचे नाट्यगृह आहे. त्याचे स्वागत आम्हीही करतो. मात्र 'कोरियन स्थलांतरितांना हक्काचा रंगमंच मिळाला' असे कुणी म्हणू लागले, तर आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे.

हे केंद्र कोरियन सरकारचे आहे. आपला देश परक्यांना दाखवणे हे त्याचे काम, आणि त्यात गैर काही नाही. परंतु क्वीन्समधल्या फ्लशिंगला दुकान चालवणारा माणूस म्हणजे कोरियाचा नमुना नव्हे. मायदेशाला जे दाखवावेसे वाटते आणि स्थलांतरिताला जे बोलायचे असते, त्यांत बरेच अंतर असते.

1992च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिस पेटले. कोरियनांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली. ते लोक त्या घटनेला तारखेवरून 'सा-इ-गू' म्हणतात, म्हणजे चार-दोन-नऊ. त्यानंतर 1995मध्ये नट सून-टेक ओह यांनी तरुण कोरियन-अमेरिकनांना घेऊन नाट्यसंस्था उभी केली. तिचेच पुढे 'लोडस्टोन' झाले, आणि 2009मध्ये ती बंद पडली. टोरंटोत इन्स चॉय यांचे 'किम्स कन्व्हिनियन्स' 2011च्या फ्रिंज महोत्सवातून पुढे आले. त्यात दुकानदार बाप आहे, दुरावलेला मुलगा आहे आणि दुकान कोण चालवणार हा प्रश्न आहे. अशी नाटके देशाची प्रतिमा उजळण्यासाठी लिहिली जात नाहीत. घरातले भांडण चव्हाट्यावर आणल्याखेरीज ती लिहिताच येत नाहीत.

कुणी म्हणेल, पानसोरीसारखी परंपरा जपायला तरी असे सभागृह हवेच. आम्ही उलट विचारतो: परंपरा म्हणजे नेमके काय? पानसोरीत श्रोता मध्येच दाद देतो. त्या दादेला 'छुइमसे' म्हणतात, आणि तिच्यावाचून गायन अपुरे मानले जाते. 'मादांग' म्हणजे अंगण. 1970च्या दशकात लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थ्यांनी जे नाटक उभारले, ते याच अंगणाच्या नावाने, 'मादांगगुक' म्हणून, ओळखले जाते. अंधारात मुकाट बसलेला प्रेक्षक ही काही त्या परंपरेची देणगी नव्हे.

तेव्हा अशा वास्तूची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. हौशी मंडळींना तालमीची खोली परवडते का? कार्यक्रम ठरवणाऱ्यांत स्थलांतरितांचा वाटा किती? आईची कोरियन आणि लेकीची इंग्रजी एकाच नाटकात नांदू शकतात का? सोलला न रुचणारे नाटक तिथे होईल का? या प्रश्नांची उत्तरे 'हो' अशी आली, तर आम्ही आमचा आक्षेप आनंदाने मागे घेऊ. तोवर त्या जागेला सुंदर शोकेस म्हणावे. स्थलांतरितांचा रंगमंच म्हणू नये.