आधी रूळ ओलांडू, मग समुद्र

उत्तन–विरार सागरी सेतूचे आकडे आता आमच्या वसई-विरारच्या शेअर रिक्षांतही चघळले जातात. मुख्य सेतू 24.35 किलोमीटर, जोडरस्ते धरून 55.12. खर्च आधी 87 हजार कोटींच्या वर होता, मार्गिका कमी करून एमएमआरडीएने तो 52,652 कोटींवर आणला. शिवाय बुलेट ट्रेनचं विरार स्थानक, आणि वैतरणेवर तिचा सव्वादोन किलोमीटरहून लांब पूल. यातलं काही नको, असं कुणी म्हणणार नाही. पण वालीवच्या कारखान्यातून सुटून संध्याकाळी वसई पश्चिमेला घरी जाणाऱ्याच्या वाटेत समुद्र लागत नाही, पश्चिम रेल्वे लागते.

1867 मध्ये विरारहून पहिली गाडी सुटली तेव्हा हे रूळ भातखाचरांतून आणि मिठागरांच्या कडेने गेले होते, त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली आणि तेच रूळ शहराच्या मधोमध आले. पश्चिमेला किल्ला, जुनी गावं, वाड्या, चर्च; पूर्वेला महामार्ग, गोखिवरे-सातिवलीचे गाळे आणि टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोचलेल्या चाळी. 2011 च्या जनगणनेतच इथे सव्वाबारा लाख माणसं होती. नायगाव ते विरार या पट्ट्यात रूळ ओलांडणारे उड्डाणपूल मात्र मोजकेच. एकावर डंपर बंद पडला की बाकीचेही तुंबतात, आणि त्या रांगेत रुग्णवाहिकाही असते.

उमेळमान, ओसवाल नगरी, अलकापुरी आणि विराट नगर, असे चार नवे पूल प्रस्तावात आहेत. ही नावं आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की ती आता बसथांब्यांसारखी ओळखीची झाली आहेत.

पूल का होत नाहीत, याचं उत्तर 'राजकारण' म्हणून उडवून देणं सोपं आहे. खरी अडचण रुळांच्या वर नसते, ती दोन्ही बाजूंच्या उतारात असते. विजेच्या तारांवरून सुरक्षित जायचं तर रस्ता जमिनीपासून आठ-नऊ मीटर वर न्यावा लागतो. तीस मीटरला एक मीटर असा चढ धरला, तर प्रत्येक बाजूला सुमारे अडीचशे मीटर लांबीचा पोहोचरस्ता हवा. नालासोपाऱ्यात अडीचशे मीटर मोकळी जागा दाखवा! तिथे इमारती आहेत, त्यातल्या कित्येकांच्या कागदपत्रांवर वेगळा लेख होईल. पुलाचा रुळांवरचा गाळा रेल्वेच्या परवानगीचा, उतार पालिकेच्या किंवा एमएमआरडीएच्या गळ्यात. त्यात बोरिवली–विरार पाचवी-सहावी मार्गिका येऊ घातली आहे. रूळ वाढले की गाळा लांबतो, आराखडा पुन्हा टेबलावर येतो आणि तोवर उताराच्या जागेवर आणखी चार मजले चढलेले असतात. उशीर इथे फुकट नसतो.

मग भुयारी मार्ग करा, असं सुचवणारे भेटतात. त्यांनी जुलै 2018 आठवावा. नालासोपाऱ्याचे रूळच पाण्याखाली होते, लोकल बंद, वसई तुटलेली. नंतर पालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईकडून पुराचा अभ्यास करून घेतला. पूर्वेच्या डोंगरावरचं पाणी पश्चिमेला खाडी-समुद्राकडे जाताना रेल्वेच्या भरावाला अडतं, आणि खालच्या मोऱ्या त्याला पुरत नाहीत. म्हणजे ही भिंत पाण्यालाही आहे. अशा जमिनीत खणलेला भुयारी मार्ग पावसाळ्यात विहीर होईल. पंप लावू म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, वीज गेल्यावर काय?

एक जागा मात्र अशी आहे जिथे पूल आहे आणि तरी वाट नाही. नायगाव आणि भाईंदरच्या मधलं पाणजू बेट. दोन्ही बाजूंना रेल्वेचे पूल, दिवसरात्र गाड्या, पण बेटावर रस्ता नाही. बोट, नाहीतर जीव मुठीत धरून रेल्वेपुलावरून चालत. वरून भाविक प्रवासी खाडीत निर्माल्य आणि नारळ भिरकावतात, ते चालणाऱ्यांना लागतात. भाईंदर–नायगाव खाडीपुलाची चर्चा दशकभराहून जुनी आहे.

सागरी सेतूसाठी जपानी कर्जाची बोलणी होतात, सादरीकरणं होतात. एमएमआरडीएने त्याच सादरीकरणात दोन पानं वाढवावीत: चार उड्डाणपूल आणि पाणजू, प्रत्येकापुढे भूसंपादनाची तारीख. पाचव्या-सहाव्या मार्गिकेचे खांब उभे राहण्याआधीची.