मुहूर्त कोणाचा, माप कोणाचे?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

खळ्यावर रास पडली म्हणजे शहाणा कुणबी दोन गोष्टी आधी पाहतो. मळणीचा दिवस कोणी ठरवला, आणि पायली कोणाच्या हातात आहे? दिवस दुसऱ्याने ठरवला आणि मापही दुसऱ्यानेच धरले, तर रास कितीही मोठी असो, पोते घरी हलकेच येते. बलुत्यासाठी खळ्यावर उभ्या राहणाऱ्या सुतार, लोहार, कुंभार बंधूंनाही हे सांगायला नको. मत हे देखील रयतेचे पीक आहे. म्हणून लोकशाहीची परीक्षा ह्याच दोन प्रश्नांनी करावी, आणि आज ती विलायतेच्या बाबतीत करू.

विलायतेविषयी आमच्यात दोन तऱ्हेचे पंडित आहेत. एक म्हणतात, तिकडचे सारे सोने. दुसरे म्हणतात, त्यांच्या घरच्या भानगडींशी आपल्याला काय कर्तव्य? दोघेही सूप हातात घेत नाहीत. सत्यशोधकाने पाखडून दाणा घ्यावा आणि फोल टाकून द्यावे.

४ जुलै २०२४ रोजी, गुरुवारी, ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. सकाळी ७ पासून रात्री १० पर्यंत मतदान चालले. दहाचा ठोका पडताच दूरदर्शनच्या पडद्यावर अंदाज झळकला, की मजूर पक्षाला ४१० जागा मिळतील. रातोरात कागदी मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या आणि मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऋषी सुनक पंतप्रधानाच्या घरातून बाहेर पडले व कीअर स्टार्मर आत गेले. हे पाहून आमचे पहिले पंडित माना डोलवतात, ‘काय ही साहेबाची शिस्त!’

अहो, ही शिस्त साहेबाने दान दिली नाही; तिथल्या विणकरांनी, चांभारांनी, खाणकामगारांनी ती भांडून घेतली आहे. १८७२ पूर्वी तिकडे मत उघडपणे, सर्वांसमक्ष द्यावे लागे. जमीनदार पाहत आहे, कुळाने त्याच्या विरुद्ध तोंड कसे उघडावे? मतदानही एका दिवशी होत नसे. १९१० च्या जानेवारीतली निवडणूक फेब्रुवारीपर्यंत लांबली होती. ज्याची मालमत्ता चार मतदारसंघांत, तो धनिक चारही ठिकाणी फिरून मते टाकी. गरिबाला एक मतही मिळेलच असे नव्हते. १९१८ साली सार्वत्रिक निवडणूक एकाच दिवशी घेण्याचा कायदा झाला, आणि जादा मतांचा हा हक्क तर १९४८ च्या कायद्याने पुरता मोडला.

ह्या सगळ्याच्या मुळाशी १८३८ ची कामकऱ्यांची सनद आहे. तिच्यात सहा मागण्या होत्या: प्रत्येक सज्ञान पुरुषाला मत, गुप्त मतदान, सभासद होण्यास मालमत्तेची अट नको, सभासदांना वेतन, सारख्या लोकसंख्येचे मतदारसंघ, आणि दरसाल नवे पार्लमेंट. बायांना मत मागितले नाही, हे त्या सनदेतले मोठे न्यून. त्यांना पुरुषांच्या बरोबरीचे मत मिळायला १९२८ उजाडले. १८४२ साली तीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे नेला, तर तो धुडकावण्यात आला. पुढे एकेक करून पाच मागण्या पदरात पडल्या. सहावी मात्र आजतागायत पडली नाही.

सहावीच का अडली? कारण ती मुहूर्ताची मागणी होती! मत कसे द्यावे, कोणी द्यावे, हे राज्यकर्त्यांनी शेवटी सोडले. कधी द्यावे, हे सोडायला त्यांचा हात धजेना. १७१६ साली तर कमालच झाली. तीन वर्षांसाठी निवडून आलेल्या पार्लमेंटाने स्वतःच कायदा करून स्वतःचीच मुदत सात वर्षांची केली. गड्याने सालाचा करार आपणच वाढवून घ्यावा आणि मालकाला विचारूही नये, तसला हा प्रकार. १९११ साली मुदत पाच वर्षांवर आली. २०११ साली तारीख बांधून टाकणारा कायदा झाला, तो २०२२ साली रद्द केला. आता पाच वर्षांच्या आत पंतप्रधानाला वाटेल तेव्हा तो राजाकडून पार्लमेंट विसर्जित करवून घेतो.

ज्योतीरावांनी आम्हाला शिकवले, की लग्नाला जोशी नको आणि कामाला मुहूर्त नको. विलायतेत मात्र डाउनिंग स्ट्रीटच्या दहा नंबरात जोशी बसवून ठेवला आहे, आणि तो पंचांग पाहतो ते स्वतःच्याच पत्रिकेसाठी. प्रतिस्पर्धी तापाने फणफणलेला पाहून पैलवानाने कुस्तीचा दिवस धरावा, त्याला आमच्या गावात मर्द कोणी म्हणेल काय? २२ मे २०२४ रोजी सुनक भर पावसात उभे राहिले आणि त्यांनी तारीख जाहीर केली. पुढे उघड झाले, की त्यांच्या पक्षातील काही जणांनी ह्या तारखेवर आधीच पैजा लावल्या होत्या, आणि त्याची सरकारी चौकशी सुरू झाली. तारीख एका माणसाच्या खिशात ठेवली, की खिशाजवळच्या माणसांना तिचा वास लागायचाच.

कोणी म्हणेल, हा जोशी तरी कुठे जिंकतो? जिम कॅलहॅन यांनी १९७८ च्या शरदात निवडणूक टाळली. संपांचा हिवाळा आला, मार्च १९७९ मध्ये सरकार एका मताने पडले आणि मे महिन्यात निवडणूकही हरले. थेरेसा मे यांनी २०१७ साली सभागृहाची दोन-तृतीयांश संमती मिळवून मुदतीआधी निवडणूक घेतली आणि हातचे बहुमत घालवले. सुनक यांचे तर वर सांगितलेच. सारे खरे. पण ज्योतिष खोटे ठरले म्हणून दक्षिणा कोणाला परत मिळाली आहे काय? दोष मुहूर्त चुकण्यात नाही, मुहूर्त एकाच्या हाती असण्यात आहे.

दुसरा बचाव असा, की बांधलेल्या तारखेने कारभार अडतो. २०१९ साली पार्लमेंट अडून बसले, तेव्हा डिसेंबरातल्या निवडणुकीसाठी खास कायदा करावा लागला. ठीक. सरकारवरचा विश्वास उडाला तर सभागृहाने मत घेऊन निवडणूक मागावी. सर्वांनी मिळून उघड्यावर मागावी. पण त्याकरिता किल्ली एकट्याच्या कमरेला कशाला हवी?

आता माप पाहू. इथे विलायतेचा दाणा टपोरा आहे, आणि तो आम्ही मोकळ्या मनाने उचलतो. मतपेट्या सील होऊन सभागृहात येतात. प्रथम किती मतपत्रिका दिल्या आणि पेटीत किती निघाल्या, ह्याचा मेळ घालतात. मग लांब मेजांवर मोजणी होते, आणि उमेदवारांची माणसे समोर उभी राहून प्रत्येक हाताकडे पाहतात. निकाल सांगताना सारे उमेदवार एका व्यासपीठावर रांगेत उभे असतात. २०२४ साली पंतप्रधान सुनक यांच्या मतदारसंघात डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला एक विनोदी उमेदवारही त्यांच्याच बरोबरीने उभा होता. त्याच निवडणुकीत लिझ ट्रस, ज्या स्वतः पंतप्रधान होऊन गेल्या होत्या, ६३० मतांनी पडल्या आणि तो निकाल त्यांनी तसाच उभ्याने ऐकला.

कागद शिल्लक असला म्हणजे न्यायही मागता येतो. विंचेस्टर येथे १९९७ साली एक उमेदवार केवळ दोन मतांनी निवडून आला. अधिकृत खूण नसलेल्या मतपत्रिकांवरून वाद कोर्टात गेला आणि निवडणूक पुन्हा झाली. तोच उमेदवार पुन्हा उभा राहिला आणि ह्या खेपेस २१,५५६ मतांनी निवडून आला! दोन मतांचा संशय रयतेने असा धुऊन काढला.

हे मापही हातून निसटू पाहत होते. २०१० च्या निवडणुकीआधी पुष्कळ ठिकाणचे अधिकारी म्हणू लागले, की रात्री मोजणी नको; कारकून थकतात, टपाली मते तपासायला वेळ लागतो, सकाळी मोजू. लोकांनी व सभासदांनी ओरड केली आणि त्याच साली कायदा झाला, की मतदान संपल्यापासून चार तासांच्या आत मोजणी सुरू करण्याची शिकस्त करावी, न जमल्यास कारण प्रसिद्ध करावे. आम्ही शाळामास्तरही मतदानाच्या कामाला जातो. सामान जमा करीपर्यंत डोळे कसे मिटू लागतात ते आम्हाला ठाऊक आहे. तरी सांगतो, थकव्याला उपाय जादा माणसे हा आहे, अंधारात ठेवलेली पेटी हा नव्हे. १९४५ साली त्याच देशाने ५ जुलैला मत दिले आणि २६ जुलैपर्यंत पेट्या बंद ठेवल्या, कारण परदेशी लढणाऱ्या शिपायांची मते यायची होती. ते थांबणे मतदारासाठी होते. शिपायांची मते मोजली गेली आणि युद्ध जिंकून देणारे चर्चिल निवडणूक हरले. मतदारासाठी थांबावे, अधिकाऱ्याच्या सोयीसाठी थांबू नये.

उरले दूरदर्शन. २३ फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत बीबीसीने पहिल्यांदा निकालाची रात्र पडद्यावर दाखवली. त्यांचे दोन नियम घेण्यासारखे आहेत. मतदान संपण्याआधी मतदारांना विचारून काढलेला अंदाज फोडणे हा तिकडे गुन्हा आहे. आणि पैसे मोजून दूरदर्शनवर पक्षाची जाहिरात करता येत नाही, ठरलेला वेळ पक्षांना फुकट मिळतो. शेटजीच्या थैलीला तेवढे तरी दार बंद आहे. पण पडद्याचे भविष्यही भविष्यच. १९९२ साली अंदाज सांगत होता, कोणालाच बहुमत नाही. मोजणीत जॉन मेजर जिंकले.

शिवाय पडदा जागा दाखवतो, मते झाकतो. २०२४ साली मजूर पक्षाला शंभरात चौतीस मतेही नव्हती, तरी ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला शंभरात चौदा मते, आणि जागा अवघ्या ५. तो पक्ष बरा की वाईट हा प्रश्न निराळा. माप खरे धरले आणि वाटणी वाकडी केली, तर खळ्यावरचा हिशेब सरळ झाला असे कोण म्हणेल?

बंधुभगिनींनो, हे लांबचे वाटेल. पण आमची निवडणुकीची रीत ह्याच विलायती साच्यातली आहे. मुहूर्ताचा खेळ आम्हीही पाहिला. २००४ साली वाजपेयी सरकारने मुदतीआधी लोकसभा विसर्जित करवली आणि हरले. आमच्या महाराष्ट्रात कित्येक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ साली संपली; आरक्षणाचा वाद कोर्टात, आणि खुर्चीवर प्रशासक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तोपर्यंत तीन वर्षे गावच्या रस्त्याबद्दल विचारायला निवडलेला माणूसच नव्हता. आणि मापाबद्दल बोलायचे, तर सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या समाधानासाठी कागदावर मत देऊन पाहायचे ठरवले, ते प्रशासनाने होऊ दिले नाही. यंत्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ‘पायली दाखवा’ म्हणणाऱ्या कुणब्याला गुन्हेगार समजणारा मापाडी आम्हाला मान्य नाही.

म्हणून मत मागायला जो दारी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या आणि दोनच प्रश्न विचारा: मुहूर्त कोणाच्या हाती ठेवणार, आणि माप कोणाच्या डोळ्यांदेखत धरणार? त्या विणकर-चांभारांनी पाच मागण्या मिळवल्या त्या विचारून विचारूनच. सहावी तिकडे त्यांच्या नातवंडांनी मिळवावी. इकडे ती आपणच मिळवली पाहिजे.

आपला,
एक खेड्यातील शाळामास्तर