सांत्वनाचा प्याला

या सदरातून आम्ही आजवर घरगृहस्थीच्या, शेतीवाडीच्या आणि मुलाबाळांच्या गोष्टी आपल्याशी बोलत आलो. स्वतःच्या घराविषयी लिहिण्याचा प्रसंग क्वचितच आला. आज तो संकोच बाजूस ठेवला आहे. सरत्या २०२४ साली आमच्या घरातील तीन माणसे आम्हांस सोडून गेली. उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आईने डोळे मिटले. जुलैच्या धुवाधार पावसात आत्या गेली. तिच्या शवपेटीवर छत्र्या धरूनच आम्ही दफनभूमीची वाट चाललो. आणि ऑक्टोबरात, बोटीवरून रजेवर येऊन वीस दिवस होतात न होतात तोच, आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे गाव दादा म्हणत असे, पहाटे छातीत कळ येऊन गेले. आईला पंच्याऐंशी वर्षे झाली होती, आत्याचे दुखणे जुने होते. त्या दोघींचे जाणे आम्ही देवाची इच्छा म्हणून स्वीकारले. दादांचे जाणे मात्र आम्हांस अजून नीट स्वीकारता आलेले नाही, आणि त्याचे कारणच आज सांगावयाचे आहे.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावातून अनेक तरुण गोव्याच्या वाटेने बोटीवर गेले. दादाही गेले. प्रथम स्वयंपाकघरात भांडी घासली, मग जेवण वाढले, आणि अखेरची कित्येक वर्षे प्रवाशांच्या बोटीवर पेये तयार करून देण्याचे काम केले. तीन नाताळांपैकी एखादाच त्यांच्या वाट्यास घरी येई. त्या रात्री मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी घरी परतली, की दादा बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरत. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, खानापुराहून भुशात गुंडाळून आणलेला बर्फ, ब्रँडी, कोकोच्या बियांपासून केलेले एक गोड मद्य आणि दुधाची ताजी मलई, एवढे त्यांचे साहित्य. तिन्ही वस्तू समभाग घालून ते डबा दोन्ही हातांनी असा काही हलवीत, की बर्फाच्या आवाजाने निजलेली मुलेही उठून बसत. मग निरनिराळ्या आकारांच्या सहा पेल्यांत ते फेसाळ, फिकट तपकिरी पेय ओतले जाई, आणि प्रत्येक पेल्यावर आई बारीक किसणीने चिमूटभर जायफळ किसून घाली. ते काम आईचे. दुसऱ्या कोणी किसणीला हात लावलेला तिला खपत नसे. आई दोन घोट घेई. आत्या मात्र पेला रिकामा करून "औषध म्हणून घेतले हो," असे दर वेळी न चुकता सांगे.

या पेयाचे नाव ब्रँडी अलेक्झांडर. पाश्चात्त्य देशांत ते जेवणानंतर, गोड पदार्थाच्या जागी घेतात. न्यूयॉर्कमधील ह्यूगो एन्सलिन या बारवर काम करणाऱ्या गृहस्थाने १९१६ साली मिश्रपेयांचे जे पुस्तक काढले, त्यात अलेक्झांडर आहे. पण तेथे ब्रँडी नसून जिन आहे. पुढे १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील हॅरी क्रॅडॉक याच्या पुस्तकात दोन्ही कृती आल्या. पहिली जिनची, दुसरी ब्रँडीची, आणि या दुसरीत तिन्ही वस्तू समभाग. १९२२ साली इंग्लंडच्या राजकन्या मेरी हिच्या विवाहासाठी हे पेय प्रथम केले गेले अशी एक आख्यायिका आहे. पण एन्सलिनचे पुस्तक त्याहून सहा वर्षांनी जुने असल्यामुळे ती निदान जिनच्या अलेक्झांडरला तरी लागू पडत नाही.

कोकोच्या त्या मद्याचे फ्रेंच नाव क्रेम द काकाओ. नावात क्रेम असले तरी त्यात दुधाचा थेंबही नसतो. साखरेने दाट केलेल्या मद्याला फ्रेंच लोक तसे म्हणतात, आणि युरोपातील नियमाप्रमाणे अशा मद्यात लिटरला निदान २५० ग्रॅम साखर असावी लागते. कोको अमेरिका खंडातला. तो युरोपात आला तेव्हा चॉकलेट प्याल्याने उपवास मोडतो की नाही यावर आपल्याच धर्मपंडितांत मोठा वाद झाला. १६३६ साली माद्रिदमध्ये अंतोनियो दे लेऑन पिनेलो याने या एकाच प्रश्नावर अख्खे पुस्तक छापले. जायफळाची कथा मात्र कडू आहे. त्याची झाडे मुळात बांदा बेटांवरची. १६२१ साली डचांनी ती बेटे घेताना तेथील लोकांची भयंकर कत्तल केली. आज तेच झाड गोव्यात आमच्या आजोळच्या कुळागरात पोफळींच्या सावलीत उभे आहे. आई प्रतिवर्षी तेथून चार जायफळे पदराच्या गाठीला बांधून आणी, आणि त्यांतले एक दादांसाठी राखून ठेवी.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. २०२३ च्या नाताळात दादा घरी होते. त्याच वर्षी आम्ही या सदरातून दारूच्या व्यसनाविरुद्ध लागोपाठ तीन लेख लिहिले होते. आमच्याच आळीतील एका घराची दारूपायी झालेली धूळधाण डोळ्यांसमोर होती, आणि लेखांबद्दल वाचकांची पत्रेही पुष्कळ आली होती. खरे सांगावयाचे तर त्या पत्रांनी आम्हांस थोडा गर्व चढला होता. मिस्सेहून परतल्यावर दादांनी नेहमीप्रमाणे पेला पुढे केला. आम्ही तो घेतला नाही. "ज्या घरातून दारूविरुद्ध लिहिले जाते, त्या घरात हे शोभत नाही," असे सर्वांदेखत बोललो. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी पेल्यावर बशी झाकली आणि तो मेजावर तसाच ठेवला. सकाळी आईने तो उचलून परसात केळीच्या बुंध्याशी ओतला. तीही काही बोलली नाही.

जानेवारीत दादा बोटीवर गेले. आई गेली तेव्हा ते भर समुद्रात होते, अंत्यविधीला पोहोचू शकले नाहीत. आम्ही त्यांस दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी विचारले, ते एवढेच, की आईला शेवटी त्रास तर झाला नाही ना. ऑक्टोबरात ते घरी आले. त्या वीस दिवसांत आम्ही दोघे भाऊ अंगणात बसून भाताविषयी, कौलांविषयी, पुतणीच्या शिक्षणाविषयी बोललो. पण त्या पेल्याविषयी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू, असे रोज मनात येई. वाचकहो, मनात आलेले बोलण्यासाठी वीस दिवस थोडे नव्हेत.

यंदाचा नाताळ आमच्या घरी सुतकाचा. आमच्याकडील रीत अशी, की ज्या घरात वर्षाच्या आत मृत्यू झाला त्या घरी फराळाची कढई चढत नाही. शेजारीपाजारी ताटे पाठवितात. तशी ती आली. नेवऱ्या आल्या, दोदोल आला, कुलकुले आले. ज्या घराची धूळधाण आम्ही लेखात रंगविली होती, त्या घरातूनही एक ताट आले. ते स्वीकारताना आमची मान खाली गेली.

नाताळच्या दोन दिवस आधी वहिनींनी दादांची बोटीवरची पेटी उघडली. आत कपड्यांच्या घडीत कोकोच्या मद्याची एक सीलबंद बाटली निघाली. दादांनी ती याच नाताळासाठी आणली होती. वहिनींनी ती आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे यंदा तुम्ही करा."

आम्ही गोंधळून गेलो. एक तर घरात सुतक; दुसरे, ज्या लेखणीने ते लेख लिहिले तिची लाज. अखेर आम्ही धर्मग्रामाच्या फादरांकडे गेलो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वर्षभराच्या सुतकाची ही रीत माणसांनी घातली आहे, आणि ती चांगली आहे. पण ती दुःखाला मान देण्यासाठी आहे, माणसांना कोंडून ठेवण्यासाठी नव्हे. तुम्ही हे मौजेसाठी करणार आहात काय?" आम्ही नाही म्हणालो. मग त्यांनी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचावयास सांगितला. आईबाप गेल्यावर शोक करणाऱ्यास शेजाऱ्यांनी सांत्वनाचा प्याला पाजावा, अशी प्राचीन इस्राएलात रीत होती. हा प्यालाही कोणी देणार नाही असे दिवस येतील, हे संदेष्टा तेथे मोठ्या संकटाचे लक्षण म्हणून सांगतो. घरी येऊन तो भाग आम्ही पुनःपुन्हा वाचला. आमच्या बंधूंनी पुढे केलेला पेला आम्हीच नाकारला होता, हे त्या ओळी वाचताना जेवढे बोचले तेवढे कोणाच्या बोलण्याने बोचले नसते.

मिस्सेहून परतल्यावर आम्ही डबा हाती घेतला. पहिला प्रयत्न फसला. आम्ही तापवलेल्या म्हशीच्या दुधाची साय घातली. तिचे कण पेल्यात तरंगू लागले. दादा यंत्राने काढलेली, न तापवलेली ताजी मलई का आणीत, हे तेव्हा उमगले. सुदैवाने आमच्या मंडळीने डेअरीतून तीही आणवून ठेवली होती. ताज्या मलईत स्निग्धांश पुष्कळ असल्यामुळे आणि या पेयात आंबट काहीच नसल्यामुळे ती नासत नाही. ब्रँडी तीस मिलिलिटर, कोकोचे मद्य तीस, मलई तीस असे मोजून, थंडगार होईपर्यंत डबा हलविला आणि गाळून पेल्यांत ओतले. किसणी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न कोणी उच्चारला नाही. दादांची मुलगी उठली, आजीच्या कपाटातून किसणी घेऊन आली आणि एकेका पेल्यावर जायफळ किसू लागली.

आम्ही एक घोट घेतला. गोडी, थंडावा, मागून ब्रँडीची ऊब आणि नाकाशी जायफळाचा तो आईच्या हाताचा वास. आम्हांस बोलवेना. तेव्हा वहिनी पेल्याकडे पाहत म्हणाल्या, "गोड जास्त झाले, भाऊजी. समभाग म्हणायचे खरे. पण घरी ते कोको थोडे हात राखून घालायचे."

ऑक्टोबरापासून वहिनी दादांविषयी बोलल्या नव्हत्या. दफनाचे, कागदपत्रांचे, कंपनीच्या पत्रांचे तेवढे बोलत. एवढे एक वाक्य झाले आणि मग त्या थांबल्या नाहीत. दादांनी पहिल्या पगारातून काय आणले, वादळात बोट तीन दिवस कशी हेलकावत होती, त्यांनी कोणत्या म्हाताऱ्या प्रवाशाला रोज रात्री मद्याऐवजी गरम दूध देऊन फसविले, हे सारे आम्ही त्या रात्री प्रथम ऐकले. आत्याचे "औषध" निघाले तेव्हा मुले हसली, मोठीही हसली. मग आम्ही गेल्या वर्षीच्या पेल्याची गोष्ट वहिनींपाशी काढली आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होते, तुम्ही का बोललात ते. पण त्यांना वाईट वाटले होते, हेही खरे." दोन्ही गोष्टी त्यांनी सांगितल्या, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

यावरून आम्ही दारूविषयीची आमची मते बदलली, असे कोणी समजू नये. व्यसनाविरुद्ध लिहिलेला एकही शब्द आम्ही मागे घेत नाही. उलट, हे पेय गोड आणि मऊ असल्यामुळे त्यातील मद्याचा जोर जिभेला कळत नाही, म्हणून त्यास अधिक जपावे लागते. दादांनी एका माणसाला एकाहून अधिक पेला कधी दिला नाही. ज्या घरात व्यसनाचा घाव आहे त्या घरी हे करूच नये. गुजरातेतील आमच्या वाचकांस तर दारूबंदीचा कायदाच आहे. त्यांनी आणि लहान मुलांसाठी सर्वांनीच, थंड दुधात कोकोची पूड आणि साखर घोटून वरून जायफळ किसावे. आमच्या घरातील मुले त्या रात्री तेच प्याली. आमची चूक पेय नाकारण्यात नव्हती. ते हात जोडून, हसून नाकारता आले असते. भावाच्या हातून येणाऱ्या वस्तूत आम्ही फक्त मद्य पाहिले आणि चारचौघांत त्यास धडा शिकविला, ही चूक होय.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाची आठवण खिरीत असेल, एखाद्या लोणच्यात असेल, दुपारच्या चहात असेल. सुतकाच्या वर्षी ती वस्तू आपण डोळ्यांआड करतो, कारण ती पाहिली की गहिवर येतो. एखाद्या शांत संध्याकाळी ती करून पाहावी, थोडी करावी, आणि घरातील जे माणूस सर्वांत गप्प असेल त्यास प्रथम द्यावी. आणि शेजारच्या घरी सुतक असेल तर ताट अवश्य पाठवावे; आमच्या घरी आलेल्या ताटांचे मोल आम्हांस यंदा कळले.

बाटली अर्ध्याहून अधिक उरली आहे. वहिनींनी ती कपड्यांच्या घडीत पुन्हा होती तशी ठेवली. पुतणीने आजीची किसणी धुऊन पुसून आपल्या कपाटात ठेवली आहे, आणि येत्या मे महिन्यात आजोळी जाऊन जायफळे आणण्याचे काम तिने आम्हांकडे सोपविले आहे. या वेळी आम्ही ते उद्यावर टाकणार नाही.