खेळातली आगगाडी

आमच्या वर्गात मोबाइलवर खेळणारे पुष्कळ आहेत. कोणी शत्रू टिपतो, कोणी मोटार उडवितो. मी मालगाडी चालवितो असे सांगितले की हशा पिकतो. "त्यात होते तरी काय?" हा प्रश्न ठरलेलाच. खरे उत्तर असे, की बहुतेक वेळ काहीच होत नाही. आणि त्यातच या खेळाची गोडी आहे, असे माझे मत आहे.

असे खेळ नवे नाहीत. जपानमध्ये १९९६ साली 'डेन्शा दे गो' आला, २००१ साली मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' आला. आज 'ओपन रेल्स' फुकट मिळतो आणि हौशी लोकांनी त्यासाठी आपल्या रेल्वेची इंजिनेही तयार केली आहेत. मित्राच्या जुन्या संगणकावर मी तोच खेळतो.

भरलेल्या ५८ वाघिणींची मालगाडी म्हणजे सुमारे ५ हजार टनांचे ओझे. सिग्नल दिसल्यावर ब्रेक लावू म्हणाल तर फसाल. ती कितीतरी पुढे जाऊन थांबते. पिवळा दिवा दिसला की पुढचा लाल असेल असे धरूनच चालावे लागते. ब्रेकची रीतही न्यारी. नळीत हवा भरली की चाके सुटतात, हवा सोडली की ब्रेक लागतो. म्हणून नळी तुटली तर गाडी आपोआप थांबते. ही युक्ती कळली तेव्हा मला एखादा अवघड धडा समजल्याचा आनंद झाला होता. रुळाकडेला 'सी/फा' अशी पाटी दिसली, की पुढे फाटक आहे, शिटी वाजवायची. फाटकाशी कोणी उभे नसते, हे मला ठाऊक असते. तरी मी वाजवितो.

इतर खेळांत कोणाला तरी हरवावे लागते. येथे हरवायला कोणी नाही. गाडी नीट नेली तर टाळ्या पडत नाहीत. आपल्याला पाहणारे कोणी नसताना काम चोख करणे, ही शिस्त मला या खेळाने लावली. कला शाखेच्या विद्यार्थ्याला खरे इंजिन दूरच. सहायक लोको पायलट होण्यास आय.टी.आय. किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण लागते. त्यामुळे हा खेळ म्हणजे माझ्यासाठी बंद दाराची फटही आहे.

वाचकहो, येथवर मी खेळाची वकिली केली. आता उलट बाजू. आपल्या जिल्ह्याचे भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे. त्याच लोहमार्गावर माझे बाबा ट्रॅकमन आहेत. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. दिवाळीच्या सुट्टीत मित्राने संगणक आमच्याकडे ठेवला, तेव्हा मी मोठ्या हौसेने बाबांना गाडी चालवून दाखविली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सारं बेस आहे रे बाबू, पन तुया गाडीखाली गिट्टी कोन भरते?"

मला उत्तर सुचले नाही. खेळात रूळ सदैव तयार असतात. उन्हाने ते प्रसरण पावत नाहीत, पावसाने खालची माती वाहून जात नाही. भर दुपारी रूळ तपासत चालणारा आणि पावसाळी रात्री बत्ती घेऊन गस्त घालणारा माणूस त्यात नाहीच. खेळ हुबेहूब आहे असे आपण म्हणतो, ते फक्त इंजिनच्या काचेतून पाहून.

म्हणून खेळ टाकाऊ ठरतो असे मी म्हणत नाही. एका माणसाचे काम समजावे म्हणून इतके कष्ट घेणारे लोक दुसऱ्याचेही समजावू शकतील. त्यांनी एकदा पावसाळी गस्तीचा खेळ करावा. रात्रभर चालायचे आणि काहीही घडू द्यायचे नाही, हेच जिंकणे. तो कोणी खेळेल की नाही, सांगता येत नाही. मी खेळेन, आणि बाबांना शेजारी बसवून माझ्या चुका विचारीन.