नुजैरच्या यादीतील नावे

इस्लामच्या प्रारंभीच्या विजययात्रेविषयी आपल्याकडे एक समजूत दृढ आहे : सारा अरबस्तान एका हाकेसरशी एक झाला आणि मग ती लाट बाहेर पडली. वस्तुस्थिती निराळी आहे. ६३२ च्या जूनमध्ये महंमद पैगंबरांचे मदिनेत निधन होताच अनेक टोळ्यांनी मदिनेला जकात देण्याचे नाकारले. खलिफा अबू बक्र यांना पहिली युद्धे करावी लागली ती अरबांशीच. या युद्धांपैकी यमामाचे नाव थोडेफार परिचित आहे. दक्षिणेकडील हद्रमौतमधल्या नुजैर किल्ल्याचा वेढा मात्र उपेक्षित राहिला. वास्तविक एखादा समाज कसा पराभूत होतो, हे नुजैर अधिक स्पष्टपणे दाखवतो.

हद्रमौतमधील किंदा ही सामान्य टोळी नव्हे. मध्य अरबस्तानात तिने एकेकाळी राज्य केले होते. अरबीतील थोर कवी इम्रुल कैस याच राजकुळातला. अशा मानी लोकांशी मदिनेचा अधिकारी झियाद बिन लबीद याचा खटका उडाला तो एका सांडणीवरून. जकातीत घेतलेली ही सांडणी परत करून तिच्याऐवजी दुसरी घ्यावी, एवढीच मालकाची विनंती होती. तिला डाग देऊन झाला, आता बदल नाही, असे झियादने सुनावले. ठिणगी पडायला एवढे पुरे झाले. पुढे झियादने रात्री छापा घालून किंदामधील राजे म्हणवणाऱ्या चार भावांना ठार केले. तोवर किंदाचा मातब्बर नेता अशअथ बिन कैस स्वस्थच होता! बंदिवान स्त्रिया त्याच्या लोकांजवळून नेल्या जात असताना त्यांनी टाहो फोडला, तेव्हा कुठे तो उठला. त्याने त्यांना सोडवले खरे. पण चौघे भाऊ एकाकी मेले ते मेलेच.

मग मुहाजिर बिन अबू उमय्या आणि इक्रिमा बिन अबू जहल यांच्या फौजा झियादच्या मदतीला आल्या. उघड्या मैदानात पराभूत झालेले किंदा लोक नुजैरच्या तटाआड गेले. किल्ल्याला तीन वाटा होत्या. तिन्ही एकामागून एक रोखल्या गेल्या. रसद संपली. तेव्हा आतल्या लढवय्यांनी कपाळावरचे केस कापले आणि मरेपर्यंत झुंजण्याची शपथ घेतली.

अशअथने मात्र गुप्तपणे बोलणी लावली. मोजक्या, दहाएक आप्तस्वकीयांना अभय मिळावे आणि त्या बदल्यात किल्ल्याचे दार उघडावे, असा तो सौदा होता. दार उघडले. लढवय्यांची कत्तल झाली, सुमारे हजार स्त्रिया बंदिवान झाल्या. अभयपत्रात इतरांची नावे घालताना अशअथ स्वतःचेच नाव विसरला, असे परंपरा सांगते! खरे-खोटे कोण जाणे. पण ज्याने शेकडोंना यादीबाहेर ठेवले, त्याच्याविषयी अशी कथा प्रचलित व्हावी, यात नवल नाही.

पराभव अटळ होता, मग उगाच रक्तपात कशाला, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. परंतु मग अभय सर्वांसाठी मागायला हवे होते. निदान केस कापून बसलेल्यांना एका शब्दाने विचारायला हवे होते. तहाला नावे ठेवण्याचे कारण नाही, यादीला आहे.

विशेष म्हणजे हा वृत्तान्त बलाझुरी, तबरी यांसारख्या, विजेत्यांच्याच परंपरेतील इतिहासकारांनी अडीच-तीन शतकांनंतर नोंदवला आणि त्यांनी बंदिवान स्त्रियांचे शिव्याशापही गाळले नाहीत. साखळदंडात मदिनेला नेल्या जाणाऱ्या अशअथला त्या स्त्रिया ‘आगीचा तुरा’ म्हणत. त्यांच्या बोलीत हा शब्द विश्वासघातक्यासाठी होता.

मदिनेत अबू बक्र यांनी त्याला क्षमा केली आणि आपली बहीण उम्म फर्वा त्याला दिली. पुढे तो यर्मूकला लढला, कूफ्यात स्थिरावला, मानमरातब पावला. नुजैरच्या बंदिवान स्त्रियांना मात्र खंडणीच्या मोबदल्यात सुटण्यासाठी उमर यांच्या कारकिर्दीची वाट पाहावी लागली. तबरीने नोंदवले आहे की, ६३४ मध्ये मृत्युशय्येवर अबू बक्र यांनी आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टी आठवल्या. अशअथला बांधून समोर आणले, त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद करायला हवा होता, ही त्यांपैकी एक.