यंत्रमानवाच्या आकड्यांना चेकनट

मागच्या महिन्यात हिंगणघाटला एका कामगार कुटुंबात आमचे जाणे झाले. आठवीतली मुलगी रडवेली होऊन बसली होती आणि धाकटा भाऊ दाराआड उभा होता. “यानंच बिघडवलं जी भाऊ,” आई म्हणाली. मुलाला दोन धपाटेही बसले होते.

बिघडली होती ती काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी छोटी गाडी. मुलीने ती शाळेच्या प्रदर्शनासाठी जुळवली होती. रात्री ती नीट चालली. सकाळी पोराने मोबाईल हाती घेतला, पडद्यावरची बटणे सरकवली आणि गाडी पट्टी सोडून भिंतीला धडकू लागली.

अशा गाड्या आता कामगारांच्या घरांतही दिसू लागल्या आहेत. नीती आयोगाच्या अटल मोहिमेतून 2016 पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अनेक शाळांत प्रयोगशाळा निघाल्या. अशा कामात बहुधा अर्डुइनो हा बोर्ड वापरतात. तो 2005 साली इटलीत तयार झाला. पट्टी ओळखणारा सेन्सर या बोर्डाला 0 ते 1023 मधला एक आकडा देतो. कोणत्या आकड्यापुढे काळे समजायचे, डाव्या-उजव्या मोटारीला 0 ते 255 पैकी किती वेग द्यायचा, हे आपण ठरवतो. हेच तिचे सेटिंग.

जिनिंगमध्ये राबलेल्या वाचकांना हे नवे नाही. स्क्रू बरोबर बसला की त्यावर चेकनट आवळतात, म्हणजे धक्क्याने तो फिरत नाही. गाडीच्या आकड्यांनाही चेकनट लागतो. तो असा लावावा.

पहिले, जुळलेले आकडे तारखेसह वहीत उतरवावेत. प्रोग्रामची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी.

दुसरे, मोबाईलवरून बदललेला आकडा लगेच कायम होऊ देऊ नये. बोर्डाच्या चालू स्मृतीतला आकडा वीज बंद होताच पुसला जातो. ईईप्रॉम या स्मृतीतला मात्र टिकून राहतो. ऊनो बोर्डात ही जागा 1024 बाइटची असते. प्रयोगाचा आकडा चालू स्मृतीतच राहू द्यावा. एक वेगळे बटण तीन सेकंद दाबून धरले तरच तो ईईप्रॉममध्ये जावा, असे प्रोग्राममध्ये लिहावे. मग चुकून काही सरकले तरी गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जुने आकडे परत येतात.

तिसरे, प्रत्येक आकड्याला खालची-वरची हद्द घालावी. हद्दीबाहेरचा आकडा प्रोग्रामने घेऊच नये. मूळ आकडे प्रोग्राममध्येच पक्के लिहून ठेवावेत, म्हणजे सगळे बिघडले तरी तेथून उचलता येतात.

त्या घरी आम्ही वही मागितली. आकडे कुठेच लिहिलेले नव्हते. खिडकीतून ऊन थेट पुठ्ठ्यावर पडत होते. उन्हाने सेन्सरचा आकडा बदलतो, म्हणून खिडकी लावून पाहिली. गाडी थोडी सुधारली, पण पुरती नाही. म्हणजे काही दोष उन्हाचा होता, काही बोटाचा. कोणाचा किती, हे वहीवाचून कळणार कसे? मार मात्र एकट्या पोराला बसला.

मुलीने तासाभरात आकडे पुन्हा जुळवले आणि या वेळी लिहून ठेवले. लिहिताना आकडे वाचून दाखवायचे काम तिने भावाला दिले.

आई-बापांना आमचे एवढेच सांगणे आहे. एका खोलीच्या घरात लहान मुलाचा हात वस्तूला लागणारच. तो हात मारून मागे घ्यायला लावला तर उद्या तो पुस्तकाकडेही भीतभीतच जाईल. चेकनट आकड्यांना लावा. धाकट्याला प्रोग्रामची दुसरी प्रत काढून द्या आणि तिच्यात हवे ते सरकवून बघू द्या.