मीराबाईंची नाचशाळा

गेल्या पंधरवड्यात भाचीनं विचारलं, "मावशी, पोल्का म्हणजे काय गं?" मला आधी आजीचं खणाचं पोलकंच आठवलं! पण तिला नाचाबद्दल विचारायचं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात 'पोलंडचा नाच' म्हणून पोल्का बसवत होते.

गंमत अशी की पोल्का मुळात पोलंडचा नाहीच. तो बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला. १८३० च्या दशकात तिथं निघाला आणि पुढच्या दशकात त्यानं पॅरिसला वेड लावलं. कापडावरच्या गोल ठिपक्यांना 'पोल्का' हे नाव चिकटलं ते या वेडापायीच. पुढे अमेरिकेत गेलेल्या पोलिश कुटुंबांनी तो इतका आपलासा केला, की तिकडे पोलिश लग्न म्हटलं की पोल्का आलाच.

पोलंडचे स्वतःचे राष्ट्रीय नाच पाच. पोलोनेझ, माझूर, कुयावियाक, ओबेरेक आणि क्राकोवियाक. कुयावियाक संथ, झोपाळ्यासारखा. ओबेरेक म्हणजे नुसत्या गिरक्या, आपल्या फुगडीसारखी डोकं गरगरवणारी. पोलोनेझ तर नाच कमी आणि मिरवणूक जास्त. जोड्या डौलात चालत जातात. तिथली बारावीची मुलं अंतिम परीक्षेच्या साधारण शंभर दिवस आधी एक समारंभ करतात आणि त्याची सुरुवात पोलोनेझनं होते. ऐन परीक्षेच्या तोंडावर नाचाची तालीम! आपल्याकडे कुठली आई कबूल होईल? २०२३ साली युनेस्कोनं या नाचाला आपल्या वारसा-यादीत घेतलं.

हे नाच टिकले ते काही आपोआप नव्हे. मला त्यात सगळ्यात भावली ती मीरा झिमिन्स्का. जन्म १९०१ चा. तरुणपणी ही वॉर्साच्या रंगमंचावरची विनोदी गाणी गाणारी नटी. खेड्याशी, नांगराशी काही संबंध नाही. नवरा तादेउश सिगेतिन्स्की संगीतकार. महायुद्धात वॉर्सा बेचिराख झालं, आणि १९४८ साली या दोघांनी शहराजवळच्या कारोलिन इथं 'माझोव्शे' नावाचा लोकनृत्य-संगीताचा संच उभा केला. खेड्यापाड्यांतून मुलंमुली निवडून आणली, तिथंच ठेवून शिकवली. गावोगावच्या पेट्या उघडायला लावून जुने घागरे, चोळ्या, मण्यांच्या माळा गोळा केल्या. १९५० मध्ये वॉर्सात पहिला प्रयोग झाला.

आणि १९५५ मध्ये सिगेतिन्स्की गेले. संगीतकारच गेल्यावर संच मोडणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण मीराबाईंनी तो आपल्या हातात घेतला, तो १९९७ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी डोळे मिटेपर्यंत सोडला नाही. बेचाळीस वर्षं! एवढ्या काळात आपल्याकडे तीन पिढ्यांच्या सुना येऊन जातात.

त्यांच्यावर टीकाही आहे, आणि ती खोटी नाही. खेड्यातला नाच अंगणातला असतो. कुणी चुकतं, कुणी मध्येच पाणी प्यायला जातं. रंगमंचावर सगळ्यांचे घागरे एकाच उंचीवर उडतात. शिवाय पैसा सरकारचा होता, आणि तेव्हाच्या साम्यवादी राजवटीला असे संच मिरवायला हवेच असत. २०१८ चा 'कोल्ड वॉर' हा पोलिश चित्रपट माझोव्शेवरूनच सुचलेल्या एका संचाची गोष्ट सांगतो. त्यात खेड्यातली गाणी गाणाऱ्या मुलींना स्टालिनचं गुणगान करावं लागतं. ते बघताना घशाशी येतं. तरी मला वाटतं, अंगणच उरलं नसेल तर रंगमंच नको म्हणून चालत नाही.

हे सगळं मी जेवताना सांगत होते, तर सासूबाई मध्येच म्हणाल्या, "पोलंडची माणसं? ती वळिवड्याची?" त्यांचं माहेर त्या बाजूचं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडलेली, मग इराणमार्गे इथवर पोचलेली. त्यांनी छावणीत शाळा काढल्या, चर्च उभारलं, नाटकं केली, आपले नाचही जपले. सासूबाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या. त्यांना आठवते ती एकच गोष्ट: डोक्यावर फुलांचा गजरा गोल बांधलेला, त्याला रंगीत फिती, आणि त्या फिती गिरकीबरोबर आडव्या होतात. "आमच्या परकराला घेर नव्हता एवढा," म्हणाल्या.

बेघर बायकांनी परक्या मुलखात सगळ्यात आधी फिती शोधल्या असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सासूबाईंना फुगडीचे किती प्रकार येतात, हे मी लग्नाला तीस वर्षं होऊनही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. बसफुगडी, दंडफुगडी, जातं, कासव... बोटं मोडत अकरावर थांबल्या. "अजून आहेत, पण करून दाखवल्याशिवाय आठवत नाहीत," म्हणाल्या. गुडघे तर आता वाकत नाहीत. शेवटी भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना रविवारी बोलावलं. सासूबाई खुर्चीवर बसून हातातल्या काठीनं ताल देत होत्या आणि ओरडत होत्या, "टाचा जुळवा गं, टाचा! अंग मागं टाका, पडणार नाही!"

दोघी पडल्याच. पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहेत.